एका मायक्रॉनचा उशीर
विरार लोकल दोन मिनिटं लेट आली तरी आपण तिला वेळेवरच म्हणतो. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या फेमटोसेकंद लेसरवाल्यांचं तसं नाही! सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांनी भागलं की एक फेमटोसेकंद. पहिली पल्स रेणूंना हलवते, दुसरी मागून येऊन बघते. मधला वेळ मोजेल असं साधं घड्याळ कुठलं? म्हणून तो अंतराने मोजतात. आरसा एक मायक्रॉन मागे घेतला की जाऊन-येऊन दोन मायक्रॉन वाढतात, म्हणजे ६.७ फेमटोसेकंद उशीर. खरी डोकेदुखी उष्णतेची. एकाच पल्सच्या वाटेखालचं मीटरभर स्टील एका अंशाने तापलं, तर वाट सुमारे १२ मायक्रॉन लांबते. झाला ४० फेमटोसेकंदांचा घोटाळा! तेवढ्यात काही रेणूंचा अख्खा झोकाच होऊन जातो. म्हणजे लेसरइतकाच एसीही महत्त्वाचा. घरी आयटीचा हट्ट चाललाय. मला मात्र तो आरसा सरकवायचाय.