विशेषनाम

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. व्याकरणाच्या तासाला विशेषनामाची उदाहरणे ठरलेली : गंगा, सह्याद्री, गोपाळ. आता या यादीत एखादी हत्तीणही घालावी लागेल, अशी चिन्हे आहेत!

हत्तीचा चीत्कार आपण ऐकलेला असतो. पण हत्तींचे खरे संभाषण चालते ते खर्जात, इतक्या खर्जात की त्यातले काही आपल्या कानांना लागतच नाही. केनियातील अंबोसेली आणि सांबुरू या रानांत १९८६ ते २०२२ या काळात ध्वनिमुद्रित केलेल्या असल्या ४६९ हाका मायकेल पार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकापुढे ठेवल्या व विचारले, 'ही हाक कोणाला?' संगणकाची २७.५ टक्के उत्तरे बरोबर आली. आमच्या परीक्षेत हा गडी नापासच. पण नुसत्या अंदाजाने आठच टक्के आली असती. पुढे १७ हत्तींना हाका ऐकवल्या. स्वतःला उद्देशून असलेली हाक ऐकताच ते चटकन त्या दिशेने निघत, ओही देत. हे सारे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

डॉल्फिनचे निराळे. तो लहानपणी स्वतःची शीळ स्वतःच ठरवतो आणि इतर तिची नक्कल करून त्याला बोलावतात. हत्ती मात्र दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करीत नाहीत असे दिसते. म्हणजे चक्क बारशाचे नाव! त्या घुमण्यात नाव नेमके कुठे दडले आहे, ते अजून कोणाला सापडलेले नाही.

हे मी आईला वाचून दाखवले. तिने विचारले, "हत्तिणींची नावं लग्नात बदलतात का रे?"

म्हटले, "नाही. हत्तीण जन्मभर माहेरीच राहते. वयात आल्यावर घर सोडायचं ते नरानं."

"बरं आहे बाई त्यांचं," ती म्हणाली.

आई माहेरची कुसुम. लग्नात वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनंदा' लिहिले आणि कुसुम संपली. म्हणजे अगदीच संपली नव्हती. मामा तिला शेवटपर्यंत "कुसे" म्हणत. दूरध्वनीवरून ती हाक ऐकली, की आईचा आवाजच बदले. २०२१ साली मामा गेले. आता ती माझी आई, नातवंडांची आजी, शेजारच्यांची काकू. ही सगळी व्याकरणाच्या हिशेबी सामान्यनामेच. बँकेत तेवढी ती सुनंदा.

वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळ डॉल्फिन ओळखतो, हे २०१३ सालचे संशोधनही मी तिला सांगितले. ती म्हणाली, "ओळखेल नाहीतर काय!" आणि गवार मोडू लागली.

मीच हाक मारावी, असे एकदा मनात आले; पण मुलाच्या तोंडी ती शोभायची नाही. तिची शाळेतली एक मैत्रीण मिरजेला असते, असे कळले आहे. त्या बाईंचा नंबर मी मिळवतो आहे.