रुक्मावतीच्या काठी ४८ मिनिटे

भुजहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता सुमारे साठ किलोमीटरवर मांडवीला पोहोचतो. येथे रुक्मावती नदी समुद्राला मिळते आणि तिच्या काठावर लाकडी वहाणे बांधली जातात. काहींच्या नुसत्या फासळ्या उभ्या असतात, काहींवर फळ्यांचे कवच चढलेले असते, तर काही बांबूंच्या परांचीआड दडलेली असतात. कच्छचे राव खेंगारजी पहिले यांनी सोळाव्या शतकात वसवलेल्या या बंदरातून कापूस आणि कापड मस्कत, झांझिबारपर्यंत जात असे. मुंबईच्या मशीद बंदर भागातील कितीतरी पेढ्यांची मुळे याच कच्छच्या मातीत आहेत. नलियाचे शेठ नरशी नाथा यांचे नाव तेथील रस्त्याला आजही आहे.

म्हणूनच वडिलांचे गाव पाहायला कच्छात आलेले कुटुंब मांडवीला येतेच. बहुधा क्रम ठरलेला असतो. सकाळी कोडायजवळच्या बहात्तर जिनालयात दर्शन आणि पूजा, मग भोजनशाळा आणि दुपारी मांडवी. एखाद्या वहाणासमोर सारे ओळीने उभे राहतात, एक छायाचित्र निघते आणि मंडळी समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. घरी आल्यावर त्या छायाचित्रात चेहरे ओळखू येतात. मात्र मागचे वहाण म्हणजे एक काळपट भिंत दिसते आणि आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे पडलेले असते. ज्यासाठी इतक्या दूर येणे झाले, नेमके तेच हातून निसटलेले असते.

यात दोष कॅमेऱ्याचा नसून वेळेचा असतो. मांडवी कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि वहाणाच्या फुगीर पोटाखाली गडद सावली साचते. डिसेंबरात तोच सूर्य मध्यान्हीही सुमारे ४४ अंशांवरच राहतो, त्यामुळे हिवाळ्यातील दुपार तुलनेने सौम्य असते. तरीही लाकडाचा पोत उमटतो तो उजेड तिरपा असतानाच. दोन फळ्यांमधली सांध, त्या सांधीत ठोकून बसवलेली कापसाची दोरी, खिळ्यांची रांग, तासणीचे ओरखडे हे सारे बारीक सावल्यांनीच दृष्टीस पडते. सावली नसेल तर लाकूड नुसते तपकिरी दिसते.

संध्याकाळी असा तिरपा उजेड मिळतो खरा. पण चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वीची ती घटका जेवणाची असते. सकाळचे गणित मात्र आपोआप जुळते. नवकारशीचे पच्चक्खाण घेतलेल्या माणसाला सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात पाणीही घालायचे नसते, आणि छायाचित्रासाठी दिवसातील उत्तम उजेड नेमक्या त्याच ४८ मिनिटांचा असतो. तोवर हिवाळ्यातील सूर्य क्षितिजापासून सुमारे दहा अंशच वर आलेला असतो. यात्रेचा क्रम उलटा केला, म्हणजे मुक्काम मांडवीला ठेवून पहाटे आधी नदीकाठ गाठला आणि मग स्नान करून जिनालयाकडे निघाले, तर दोन्ही साधते.

उभे कोठे राहावे, हे नदीच सांगते. रुक्मावती उत्तरेकडून येऊन दक्षिणेला समुद्रात शिरते, म्हणून तिचा एक काठ पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा. सकाळी पश्चिम काठावरच्या वहाणांची नदीकडची बाजू उजळते; ती पूर्व काठावरून पाहावी. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे उजेड थेट समोरून न पडता वहाणाच्या अंगावरून सरकत जातो. पूर्व काठावरच्या वहाणांना हेच भाग्य संध्याकाळी लाभते. त्यांचे चित्र सकाळी सूर्यासमोरूनच घ्यायचे झाल्यास तपशिलाचा लोभ सोडावा आणि केवळ काळी आकृती उमटू द्यावी. अर्धे वहाण आणि अर्धे आकाश सांभाळू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही लागत नाहीत. मोबाइलवर पडद्यावरच्या उजळ भागाला बोट लावून प्रकाश थोडा उतरवला, तर आकाशाचे रंग टिकतात.

भरती-ओहोटीचाही विचार हवा. भरतीला पाण्यातल्या वहाणांची प्रतिबिंबे पडतात; ओहोटीला नदीच्या मुखाशी चिखल उघडा पडतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून आज पहाटे पाणी नव्हते, तर सुमारे आठवड्याने चित्र पालटते. मुक्काम एकाच दिवसाचा असेल, तर चिखलातल्या नागमोडी ओहळांनाच चौकटीत वहाणाकडे जाणारी वाट करावी.

चौकट बांधताना चार गोष्टी पाहाव्यात. क्षितिज सरळ असावे आणि ते चित्राचे दोन समान भाग करीत नसावे. वहाण अगदी समोरून किंवा अगदी बाजूने न घेता तिरकस घ्यावे, म्हणजे नाळेचा उठाव आणि पोटाची गोलाई दोन्ही कळतात. नाळेचे तोंड ज्या दिशेला असेल, तिकडे मोकळी जागा सोडावी. आणि एका डोलकाठीमागून दुसरी किंवा विजेचा खांब डोकावत असेल, तर दोन पावले सरकावे. बंदरात गर्दी असतेच. चित्र सुधारते ते बहुधा काही वगळल्याने.

एक गोष्ट मात्र वगळू नये, ती म्हणजे माणूस. रिकाम्या वहाणाच्या चित्रावरून त्याची उंची कळत नाही; परांचीवर एक सुतार उभा असला की ती लगेच कळते. ॲलन व्हिलियर्स यांनी १९३८-३९ मध्ये अरबी वहाणांवरून प्रवास करून घेतलेली छायाचित्रे आजही मोलाची ठरतात, कारण त्यांत शिडांबरोबर शीड ओढणारे हातही आहेत. मांडवीचे कारागीर बोलके असतात. आधी विचारावे, नाव आणि काम समजून घ्यावे, मगच कॅमेरा उचलावा. कुटुंबाचे चित्रही असेच घ्यावे. सर्वांना वहाणाला टेकवून उभे न करता दहाबारा पावले पुढे आणावे आणि मागे पूर्ण नाळ येऊ द्यावी.

इतक्या खटाटोपाला कारण आहे. माल आता पोलादी जहाजांतून आणि कंटेनरांतून जातो. लाकडी वहाणांवरही शिडाऐवजी इंजिन आले आहे. वहाण बांधण्याची विद्या बरीचशी मिस्त्रींच्या हातांत आणि नजरेत आहे, कागदावर थोडीच. आज आजोबांचे बोट धरून आलेला नातू उद्या आपल्या मुलाला घेऊन येईल, तेव्हा काठावर काय उरलेले असेल, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून एक चांगले चित्र कागदावर छापून घ्यावे आणि मागे स्थळ, तारीख व मिस्त्रीचे नाव लिहून ठेवावे. पेढीच्या भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी असतात. त्यांच्या शेजारी ज्या वाटेने तो व्यापार चालला, तिचीही एक तसबीर असावी.

४८ मिनिटे सरतात. लाकडावरचा सोनेरी रंग उतरून उजेड पांढरा होऊ लागतो. मंडळी तीन नवकार गणून पच्चक्खाण पारतात आणि थर्मासचे झाकण उघडले जाते. पलीकडच्या काठावर एक सुतार परांची चढू लागलेला असतो.