पाण्याखाली गेलेलं गाव

मुलांनो, आशियाचा नकाशा जरा जवळ घ्या. थायलंडच्या पश्चिमेला, म्यानमारला म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाला चिकटून कांचनाबुरी प्रांत आहे. त्याच्या टोकाला, डोंगरांच्या बेचक्यात सांगखलाबुरी नावाचा तालुका आहे. तालुक्याला थाई भाषेत म्हणतात 'अम्फो'. नाव सापडलं नाही तर हिरमुसू नका, कोपराच तो!

सोंगकालिया, बिखली आणि रांती या तीन नद्या इथे एकत्र येतात आणि पुढे त्यांची क्वे नोई नदी होते. संगमाच्या काठी जुनं गाव होतं. होतं म्हणजे आजही आहे, पण पाण्याखाली! १९८४ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला खाओ लाएम धरण पूर्ण झालं. (२००१ पासून त्याचं नाव वजिरालोंगकोर्न धरण.) पाणी चढत चढत आलं. घरं, शेतं, बुद्धाचं देऊळ, सगळं त्याच्या पोटात गेलं.

या देवळात लुआंग फो उत्तमा नावाचे भिक्खू होते. त्यांचा जन्म १९१० मधला, ब्रह्मदेशातला. ते मोन जमातीचे. ब्रह्मदेशातल्या धामधुमीत पुष्कळ मोन कुटुंबं सीमा ओलांडून इथे आली होती. गाव बुडालं तेव्हा उत्तमांनी या लोकांना देवळाच्या नव्या जमिनीवर घरं बांधायला जागा दिली. जवळच एक उंच स्तूप उभा राहिला. तो कशासारखा असेल, सांगा बघू? आपल्या बिहारमधल्या बोधगयेच्या महाबोधी मंदिरासारखा!

आता पंचाईत अशी, की जलाशयाच्या एका काठाला मोन वस्ती आणि दुसऱ्या काठाला बाजार आणि कचेरी. मग उत्तमांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी लाकडी पूल बांधला. थायलंडमधला हा सर्वांत लांब लाकडी पूल. २८ जुलै २०१३ रोजी पुरात ओंडके अन् कचरा येऊन अडकला आणि पुलाचा मधला भाग वाहून गेला. पण लोक हातावर हात धरून बसले नाहीत. त्यांनी बांबू बांधून तरंगता पूल केला आणि त्यावरून ये-जा सुरू झाली. लाकडी पूल २०१४ मध्ये पुन्हा उभा राहिला.

तालुक्याच्या सीमेवरच तीन पॅगोडांची खिंड आहे. पॅगोडा तसे लहानसेच, पण सोळाव्या शतकात ब्रह्मी सैन्य याच वाटेने सयामवर (थायलंडचं हे जुनं नाव) चालून आलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इथूनच ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग नेला. बारा हजारांहून अधिक युद्धकैदी आणि त्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर त्या कामात मेले. 'मृत्यूचा लोहमार्ग' हे नाव त्यावरूनच पडलं.

कारभाराचं सांगायचं तर तालुक्याचा मुख्य अधिकारी म्हणजे 'नाय अम्फो'. त्याला सरकार नेमतं. तालुक्याचे भाग म्हणजे 'तांबोन'. इथे ते तीन आहेत. त्यांतल्या लाय वो भागातली कारेन जमातीची गावं थुंग याय नरेसुआन अभयारण्यात आहेत. हे जंगल १९९१ पासून जागतिक वारसा मानलं जातं. प्रत्येक गावाचा मुखिया असतो 'फू याय बान', म्हणजे गावातलं मोठं माणूस. त्याला मात्र गावकरीच निवडतात.

हा मुखिया फार महत्त्वाचा बरं का. घरी बाळ जन्मलं की नोंदीसाठी आधी त्याच्याकडेच जायचं. ही नोंद राहिली की पुढे सगळंच अडतं. सीमेवरच्या बऱ्याच मोन आणि कारेन कुटुंबांकडे थाई नागरिकत्व नाही. जन्म इथला, भाषा येते, तरी कागद नाही. नोकरीला अडचण, लांबच्या प्रवासाला अडचण. २००५ मध्ये सरकारने ठरवलं, की कागद असोत वा नसोत, प्रत्येक मुलाला शाळेत घ्यायचं. मी स्वतः रोज हजेरी घेते, म्हणून हा निर्णय मला मोठा वाटतो. नाव पुकारलं आणि 'हजर' म्हणता आलं, हे काय थोडं झालं?

मार्च-एप्रिलमध्ये जलाशयाचं पाणी ओसरतं आणि बुडालेलं देऊळ वर येतं. छप्पर नाही, नुसत्या भिंती आणि कमानी. तेव्हा तिथवर चालत जाता येतं. गालाला थानाका झाडाच्या सालीचा पिवळसर लेप लावलेली मोन मुलं फुलं विकायला येतात. पाऊस लागला, की तिथेच पुन्हा नावा फिरू लागतात.