नानांचा पडदा

बावीस वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे 'ही खिडकी नव्हे, पलीकडची'. लोक रागावतात. पण माणूस चुकीच्या खिडकीवर उभा राहतो यात बँकेचा काय दोष, असं माझं प्रामाणिक मत होतं. होतं म्हणतो, कारण मध्यंतरी आमच्या घरात मॉनिटर आला.

तो आणला नानांसाठी. आमचे वडील. वय ७८. सकाळी पेपर आधी, चहा नंतर. आणि पेपरवर चहा सांडला तर रागावणार चहावर. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यानं दगा दिला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता; पडद्याचं तसं नसतं. डॉक्टर म्हणाले, "डावा शाबूत आहे. मोठी अक्षरं वाचू द्या. मात्र डाव्यानं अक्षरं वाकडीतिकडी किंवा फुटलेली दिसू लागली, तर ताबडतोब या."

आता पेपरवाला काही नानांपुरती अक्षरं मोठी छापून देत नाही. आमची ही वाचून दाखवायची, पण तिचं वाचन म्हणजे मथळा, आणि मग "पुढे काही विशेष नाही." नाना 'बरं' म्हणायचे. पन्नास वर्षं पेपरशी भांडलेला माणूस नुसता 'बरं' म्हणू लागला, हे मला बघवेना. तेव्हा लॅमिंग्टन रोडला जाऊन २७ इंची मॉनिटर घेऊन आलो. फोर-के. आडवे ३८४० ठिपके, उभे २१६०. गुणाकार केल्याशिवाय मी पैसे मोजत नाही. एकूण ठिपके ८२,९४,४००. दर ठिपक्याला स्वस्तच पडला.

कॉम्प्युटर घरात होता. चिरंजीव हॉस्टेलला जाताना मागे ठेवून गेले होते. त्यात एक ग्राफिक्स कार्ड आहे, ज्याची किंमत मला दोन हप्त्यांत सांगण्यात आली होती. केबल लावली, बटण दाबलं. पडद्यावर 'नो सिग्नल' ही दोनच शब्दांची तक्रार या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरू लागली. चिरंजीवांना फोन लावला.

"बाबा, केबल कुठे लावलीत?"

"जिथे बसली तिथे."

"वर की खाली?"

"वर. खाली वाकवत नाही मला."

"वरची मदरबोर्डची. कार्ड घातलं की ती बहुधा बंद पडते. खाली आडव्या पट्टीत आहेत ना, त्या कार्डाच्या." मग जरा थांबून, अगदी माझ्या आवाजात, "ही खिडकी नव्हे, पलीकडची."

मुलं घरात ऐकलेलं विसरत नाहीत.

चित्र आलं. सुरेख आलं. अक्षरं मात्र तुमच्याआमच्या मापाची. नानांच्या मापाची नव्हेत. म्हटलं, एवढ्यासाठी पुन्हा फोन कशाला! सेटिंग्जमध्ये शिरलो. तिथे रिझोल्यूशनची यादी निघाली. ३८४० बाय २१६० च्या पुढे कंसात 'रेकमेंडेड' लिहिलेलं. बँकेत ज्या अर्जाबरोबर शिफारस येते तो आम्ही आधी बाजूला ठेवतो. यादीत खाली १३६६ बाय ७६८ दिसलं. कार्यालयातल्या माझ्या जुन्या स्क्रीनचा हाच आकडा! गर्दीत गाववाला भेटावा तसं झालं. दाबलं. अक्षरं ही एवढाली! 'हे असंच ठेवू का?' असं मशीननं विचारलं आणि पंधरापासून उलटे आकडे मोजायला लागलं. मी घाईघाईनं 'ठेव' म्हटलं आणि नानांना हाक मारली.

नाना खुर्चीत बसले. चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला. उजवा डोळा हातानं झाकून बघितलं. मग चष्मा पुन्हा पुसला.

"फुटतायत रे अक्षरं."

"पण मोठी आहेत ना?"

"मोठी आहेत. फुटतायत." मग दूध संपलं हे सांगावं तशा आवाजात म्हणाले, "डावाही चालला असं दिसतंय. मॉनिटर चांगला आणलास हो." आणि उठून गॅलरीत जाऊन बसले.

हिनं डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला. मी नानांच्या खुर्चीत बसलो. काही सुचेना म्हणून समोर बघत राहिलो, तर अक्षरं मलाही फुटलेली. जवळचा चष्मा लावला, तरी फुटलेलीच. हिला बोलावलं. "मलाही तसंच दिसतंय," ती म्हणाली. एका घरात एकाच संध्याकाळी तीन माणसांचे पडदे जात नाहीत, एवढं बी. कॉम. झालेल्यालाही कळतं.

पुन्हा फोन. "रेकमेंडेड लिहिलं होतं ना? मग?" चिरंजीव म्हणाले. मी शिफारशीबद्दलचं धोरण सांगितलं. "अहो बाबा, ती शिफारस तिसऱ्या कुणाची नसते. आपल्या अंगावर किती ठिपके आहेत, हे मॉनिटर स्वतःच केबलमधून कार्डाला कळवतो. तुम्ही ३८४० ला १३६६ नं भागून बघा."

भागलं. बाकी उरली. एका ठिपक्याच्या वाट्याला पूर्ण ठिपके येत नाहीत. मग मॉनिटर ती बाकी शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकतो, आणि अक्षरांच्या कडा फुटतात. बाकी उरली की हिशेब जुळत नाही! रोज संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत लोकांना घरी न सोडणाऱ्या माणसाला हे घरी सुचू नये?

ठिपके सगळेच्या सगळे ठेवायचे, आणि 'स्केल' म्हणून तिथेच एक रकाना आहे तो वाढवायचा. मग कार्ड तेच अक्षर जास्त ठिपके घालून मोठं काढतं. शिफारस मंजूर केली. पुन्हा पंधराची उलटी मोजणी. या वेळी मी दहापर्यंत नीट बघितलं, मगच 'ठेव' म्हटलं. आमच्याकडे चुकीची नोंद फिरवायला कुणाकुणाच्या सह्या लागतात. हे बिचारं, आपण गप्प बसलो तर आपली चूक आपणहून मागे घेतं. मी पहिल्यांदा गप्प बसलो असतो तर नानांचा पाऊण तास वाचला असता. मग स्केल २५० टक्के केला.

गॅलरीत गेलो. "नाना, मॉनिटरचं चुकलं होतं. म्हणजे माझं. डोळा ठीक आहे."

"राहू दे रे."

"एकदा बघा तर."

आले. उजवा डोळा झाकला. आणि बोलेनात. माऊसचं चाक तेवढं फिरत होतं. ही स्वयंपाकघराच्या दारात फोन हातात धरून उभी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ताक निवून गेलेल्या वरणभातावर आलं तरी नाना हलेनात. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"इथं एक बँक ज्येष्ठांना तुमच्यापेक्षा अर्धा टक्का जास्त देतेय. हे मला कुणी वाचून नाही दाखवलं."

ही आत निघून गेली.

"ठेव मोडायची झाली," नाना म्हणाले, "तर तुमच्याकडे कुठल्या खिडकीवर यायचं?"