ओझ्याचा नियम : वाचायचा कसा?



आपल्या मुलांना गोष्ट वाचता येते, उत्तरंही लिहिता येतात. पण नियम वाचायला दिला की 'पर्यंत', 'पेक्षा जास्त', 'प्रत्येक' अशा शब्दांवरून ती घसरत जातात. पुढे हेच शब्द त्यांना शिष्यवृत्तीच्या अर्जात आणि औषधाच्या चिठ्ठीवर भेटणार आहेत. म्हणून मी सहावीच्या वर्गात एका युद्धखेळातला नियम नेला.

'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' हा दुसऱ्या महायुद्धावरचा पटावरचा खेळ अमेरिकेतल्या ॲव्हलॉन हिल कंपनीने १९८५ साली काढला. षटकोनी घरांच्या नकाशावर सैनिकांच्या तुकड्या हलवायच्या. तुकडीला शस्त्रंही वाहून न्यावी लागतात आणि प्रत्येक शस्त्राला ओझ्याचे गुण असतात. आम्ही त्यातला एवढाच नियम सोपा करून घेतला : 'तुकडी एका चालीत ४ घरं जाते. ३ पेक्षा जास्त ओझं असेल, तर वरच्या प्रत्येक गुणामागे एक घर कमी.'

पट मात्र आमच्या खारेपाटणचा. खाली खाडी, वर घाट. पूर्वी इथे बंदरात उतरलेला माल बैलांवर लादून घाटावर जायचा, त्यामुळे ओझ्याचा हिशोब मुलांना परका वाटला नाही.

पहिला प्रश्न : ओझं बरोब्बर ३ असेल तर? अर्ध्या वर्गाने एक घर कापलं. मग फळ्यावर '३ पर्यंत' आणि '३ पेक्षा जास्त' शेजारी शेजारी लिहिलं. ५ गुणांची तोफ घेतली, तर २ घरं कमी, म्हणजे २ घरंच चालायचं, हे मुलांनीच काढलं.

खरी गंमत पुढे. एकाने दोन घरं चालून तोफ खाली ठेवली आणि आणखी दोन घरं मागितली.

"ओझा खाली ठेवलंय, मगे आता घरां कमी कित्याक?"

"निघताना तूच उचललंस मां!"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी निकाल दिला नाही. म्हटलं, नियमात याचं उत्तर देणारा शब्द दाखवा. शोधलं, सापडला नाही. मग वर्गाने नवी ओळ केली : 'चाल सुरू होताना जे ओझं असेल, ते पूर्ण चालीसाठी धरावं.' अट एकच, ही ओळ दोन्ही बाजूंना लागू. ज्याचं नुकसान होत होतं, त्यानेच ती वहीत लिहिली आणि सोंगटी मागे घेतली. मला त्या तासात मिळालं ते हेच. आपल्या फायद्याचा अर्थ काढणं आणि शब्दांत आहे तो अर्थ काढणं यातला फरक त्याला कळला होता.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा आणला. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ३० किलोच्या मुलाला ३ किलो. लगेच हात वर : "सर, पाण्याची बाटली धरायची का? डबा? पावसाळ्यात रेनकोट?" मी विचारलं, हा नियम कशासाठी केलाय? "पाठीसाठी." मग पाठीला पुस्तक आणि पाणी वेगळं कळतं का? सगळं काट्यावर चढलं. काही दप्तरं तिथेच हलकी झाली.

पालकांनो, रविवारी घरी एवढं करून बघा. भरलेलं दप्तर तोला, आणि काय मोजायचं, काय नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. फक्त प्रत्येक वेळी विचारा : "हे कुठल्या शब्दावरून म्हणतोस?"