मूळ इंजिन

जुन्या मोटारींचा शौक असणाऱ्या मंडळींत 'अस्सल' या शब्दाला जेवढा मान आहे तेवढा घोड्यांच्या बाजारांतहि क्वचितच असेल. गाडी चालते कीं नाहीं हा त्यांचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा कीं, कारखान्यांतून निघतांना तिच्या अंगावर जें होतें तेंच अजून आहे काय? इंजिनावरील आंकडा नोंदणीपुस्तकाशीं जुळतो काय? रंग पहिलाच आहे, कीं कोणा हौशी मालकानें तो बदलला? सरकारनेंहि आतां या शौकाला नियमाचें रूप दिलें आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्रीय मोटारवाहन नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेली, आणि चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदतां येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात व ती दहा वर्षें टिकते. मात्र प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कांहीं कारणांवांचून ती गाडी नित्याच्या कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. काम न करण्याच्या अटीवर मिळणारा हा बहुमान वाचून, निवृत्तीस थोडींच वर्षें उरलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकास हंसूं आल्यावांचून राहिलें नाहीं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत संस्थानिकांच्या रोल्स-राइस नव्हत्या. येथली जुनी गाडी म्हणजे जीप. महायुद्धासाठीं अमेरिकेंत जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनीं मुंबईस जुळविण्यास आरंभ केला, आणि पुढें १९५३ च्या उंच बॉनेटच्या नमुन्यानें या देशांत जें ठाण मांडलें तें अमेरिकेंत तो नमुना बंद पडल्यावरहि हललें नाहीं. त्या उंच बॉनेटला कारण होतें. आधींच्या इंजिनांत दोन्हीं झडपा बाजूला असत. नव्या इंजिनांत हवा-पेट्रोल आंत घेणारी झडप डोक्यावर गेली, धूर सोडणारी तेवढी बाजूस राहिली. शक्ति वाढली, पण इंजिनाची उंचीहि वाढली; म्हणून बॉनेट वर उचलावें लागलें. पाहणाऱ्यास ती गाडी कुरूप वाटते. मला ती कपाळ मोठें असलेल्या बुद्धिमान् माणसासारखी वाटते. पण हा बाळपणाचा पक्षपात असेल.

आमचे वडील मूल येथें डॉक्टरकी करीत. १९७६ सालीं त्यांनीं सरकारी लिलावांत एक जीप घेतली. नोंदणीपुस्तकांत तिचें वर्ष १९६६ होतें. त्यावेळीं गडचिरोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. तो झाला १९८२ च्या ऑगस्टांत. सावली, व्याहाड आणि वैनगंगेपलीकडचीं गांवें ही वडिलांची फिरती. पावसाळ्यांत जेथें बैलगाडीहि रुते तेथें ते दुसरा दांडा ओढून पुढच्या चाकांनाहि जोर देत, आणि इंजिन एक विशिष्ट खालचा सूर धरी. त्या सुरावरून आई घरीं ओळखी कीं गाडी नाल्यांत उतरली. रोगी निजवून आणण्यासाठीं त्यांनीं मागें एका सुताराकडून सागवानी बांक बसवून घेतलें होतें. हूड गांवच्या शिंप्यानें शिवलेला. वेग दाखविणारा कांटा मात्र आम्हीं कधीं हललेला पाहिला नाहीं.

१९८७ सालीं मी नागपुरास कॉलेजांत गेलों त्या वर्षीं ती जीप विकली गेली. वसतिगृह, पुस्तकें, फी यांचा हिशेब वडिलांनीं एका औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर मांडला, आणि आलापल्लीकडील एका आरागिरणीच्या मालकानें ती नेली. पुढें मी शेक्सपिअर शिकलों व आज तोच शिकवितों. तो एका अर्थीं त्या जीपच्या किंमतीवर. म्हणून ती विकल्याचा पश्चात्ताप हा शब्द मला लागू पडत नाहीं. पश्चात्तापाला चूक लागते. येथें कोणाचीच चूक नव्हती. राहिली ती हळहळ, आणि हळहळ फार चिवट असते, कारण तिला प्रायश्चित्त नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरास असतो. त्याला या गाड्यांचें वेड. तीन वर्षांपूर्वीं त्यानें आलापल्लीच्या बाजूस एका शेडमध्यें ती जीप शोधून काढली व विकत घेतली. ओळख पटली ती वडिलांच्या एका जुन्या विम्याच्या कागदावरून. त्यावर चेसिसचा आंकडा होता, इंजिनाचाहि होता. चेसिस तीच होती, इंजिन नव्हतें. पेट्रोल परवडेना तेव्हां गिरणीमालकानें तें काढून प्यूजो पद्धतीचें डिझेल इंजिन टाकलें होतें. तें काम करणाऱ्या मिस्त्रीस मी मुद्दाम भेटलों. मूळ इंजिन टाकून दिल्याचें वाईट नाहीं वाटत का, असें विचारतांच म्हातारा म्हणाला, "का जी सर, डिझल टाकलं म्हणून थे गाडी पंचवीस वर्स अजून चालली. नाही त कवाचीच भंगारात गेली असती."

त्याचें बोलणें खोडून काढणें कठीण आहे. जी गाडी अस्सल राहिली ती बहुधा कोणा श्रीमंताच्या ओसरीखालीं झांकून ठेवलेली असते. जी राबली ती बदलली. नियम पहिलीचा सत्कार करतो. ताडोब्यांत आज ज्या बिनटपाच्या, मागें उंच आसनें बसविलेल्या जिप्सी वाघ दाखवीत फिरतात त्यांतल्या एकादीला पन्नास वर्षें भरतील, तेव्हां तीं आसनें काढून टाकणारा रसिक निघेलच. आणि तरीहि माझा विद्यार्थी चुकीचा आहे असें मला म्हणवत नाहीं. उंच बॉनेटखालीं तें उंच इंजिन नसेल तर तें बॉनेट म्हणजे नुसती टोपी. त्यानें एका भंगारवाल्याकडून त्याच जातीचें पेट्रोल इंजिन मिळविलें, महिनाभर खपून चालू केलें आणि मला फोनवर ऐकविलें. सूर तोच होता. मी कांहीं वेळ बोललों नाहीं.

खरी अडचण पुढें आली. इंजिन त्याच जातीचें असलें तरी आंकडा परका. एका दलालानें सुचविलें कीं, "सरांजवळच्या कागदावर जुना आंकडा आहेच, हा घासून तो ठोकून घेऊं, गाडी शंभर टक्के अस्सल!" या धंद्यांत असें चालतें, कायद्यानें तो गुन्हाहि आहे. विद्यार्थी संकोचत मला विचारावयास आला. मीं त्याला भांडारकर संस्थेची गोष्ट सांगितली. १९१९ पासून १९६६ पर्यंत तेथील पंडितांनीं महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. प्रक्षिप्त श्लोक त्यांनीं संहितेंतून काढले, पण जाळले नाहींत. पानाच्या तळाशीं वा परिशिष्टांत, कोणत्या पोथींत काय आहे हें नोंदवून ठेवले. आणि संहितेंत जेथें पाठ संशयित, तेथें तशी खूण केली. संशय झांकणारी प्रत कितीहि सुबक असो, ती खोटी प्रत. तो विम्याचा कागद मीं त्याला दिला नाहीं.

त्यानें तो पुन्हां मागितलाहि नाहीं. परका आंकडा परकाच राहिला, नोंदणीचा अर्ज अद्याप गेलेला नाहीं. डिझेल इंजिन त्यानें तेल लावून एका पेटींत ठेवलें आहे. एक वहीहि केली आहे. तींत कोणता भाग कोठला, केव्हां बदलला, कोणीं सांगितलें हें तो लिहितो. वेगाचा कांटा आधींपासूनच बंद होता ही माझी साक्ष पहिल्या पानावर आहे. त्यानें तो दुरुस्त केलेला नाहीं.

बांकावरून मात्र आमचें जमलें नाहीं. कारखान्यानें तें दिलें नव्हतें, म्हणून तें काढलेंच पाहिजे असा त्याचा आग्रह. आणि मला तर वाटे कीं त्या गाडींत सर्वांत अस्सल तेंच होतें. गाडी त्याची असल्यानें निर्णय त्याचा. एका रविवारीं तें बांक टेंपोंत घालून तो माझ्याकडे घेऊन आला. आतां तें ओसरीवर आहे. विद्यार्थी येतात ते त्यावर बसतात. बोल्टांचीं चार भोकें मीं बुजविलेलीं नाहींत. त्यांतल्या एकांत वडिलांच्या वेळचा एक गंजलेला वायसर अजून अडकून आहे.