1964 चे दोन रहस्यपट

उल्हासनगरच्या कापड बाजारात दिवेलागणीला दुकानांपुढचे पुतळे उजळतात, तेव्हा बदलापूरच्या एका सिनेवेड्या तरुणीला हटकून इटालियन दिग्दर्शक मारिओ बावा आठवतो.

त्याचा 'ब्लड अँड ब्लॅक लेस' (1964) रोममधल्या एका फॅशनगृहात घडतो. खुन्याचा चेहरा फडक्याने पूर्ण झाकलेला, अंगात काळा कोट आणि भोवती कुठून येतो ते न कळणारा लाल, हिरवा, जांभळा प्रकाश. बावा मुळात छायालेखक. पैसे बेताचे, म्हणून त्याने लहान मुलांच्या ढकलगाडीवर कॅमेरा फिरवल्याचं सांगतात. खुनी कोण, हे तिला फारसं महत्त्वाचं वाटतच नाही. त्या प्रकाशात माणूस कोण आणि पुतळा कोणता हेच उमगेनासं होतं, तिथे ती खरी घाबरते.

त्याच वर्षी मराठीत राजा परांजपेंचा 'पाठलाग' आला.

जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा, कृष्णधवल. वकील झालेल्या काशिनाथ घाणेकरांपुढे मृत पत्नीचाच चेहरा घेऊन एक आरोपी स्त्री उभी राहते! याच कथेवर राज खोसलांनी 'मेरा साया' (1966) काढला. अंबरनाथहून परतताना लोकलमध्ये ही तरुणी मैत्रिणींना आग्रहाने सांगते, आधी 'पाठलाग' बघा. रात्री, आणि एका बैठकीत.